शुभदाने मागितलेली चौकट

शुभदाशी माझं शेवटचं बोलणं झालं ते आमटीवरून. साथीमुळे इस्पितळात भेटायला कुणालाच सोडत नव्हते. तिथल्या नर्सने टॅब्लेट तिच्या तोंडासमोर धरला होता आणि इकडे नीउ-व्हेनेप या डच गावात, आमच्या स्वयंपाकघरात, मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. मिलिंद, म्हणजे माझा नवरा आणि तिचा सख्खा भाऊ, तिच्याशी बोलून झाल्यावर डोळे पुसत वर निघून गेला होता. त्यामुळे आम्ही दोघीच उरलो, नणंद-भावजय. नाकात प्राणवायूच्या नळ्या, केस विस्कटलेले, पण डोळे तेच, समोरच्याला नीट बसवून घेणारे. मी तब्येतीचं विचारत राहिले. तिने हातानेच ते बाजूला सारलं आणि म्हणाली, "वहिनी, आमटी कशी करतेस ते सांग ना." मला वाटलं, तोंडाला चव नाही, घरच्या जेवणाची आठवण येत असेल. मी सांगितलं. तुरीची डाळ धुऊन कुकरला लावते, घोटून घेते, फोडणीत मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, मग गोडा मसाला, आमसुलं, वरून कोथिंबीर... ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिने विचारलं, "आणि गूळ?" वीस वर्षं मी मिलिंदसाठी आमटी करतेय, आणि गूळ सांगायचा राहिला होता. ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पुन्हा सांग. घाई नाही." मी म्हणाले, दमू नकोस गं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी तिला व्हेंटिलेटरवर घेतलं आणि पाचव्या दिवशी, सकाळी आम्ही चहा पीत असताना, इस्पितळातून फोन आला.

"पुन्हा सांग, घाई नाही" हे ती कुणाला म्हणायची, ते मला ठाऊक होतं. म्हणून तर मी उद्यावर टाकलं.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. साथीत गेलेल्या माणसांवरच्या या पुरवणीसाठी शुभदावर लिहा, असं मिलिंदला सुचवलं गेलं, तेव्हा त्याने ते माझ्याकडे दिलं. तू तिच्याबरोबर काम केलंस, तूच लिही, म्हणाला. मी लिहिलंही. हसतमुख, सेवाभावी, परदेशात स्वतःच्या पायावर उभी राहिलेली... सगळं खरं होतं आणि वाचताना मलाच कळत होतं की गूळ राहिलाय. तो कागद टाकून दिला. हा दुसरा. मी कमी बोलणारी बाई आहे आणि कमी बोलणाऱ्या माणसाला लोक उगाच सालस समजतात. खरं असं की मी शुभदाचा मत्सर करत होते. ती जिवंत असताना करत होते, आणि ती गेल्यावरही तो लगेच थांबला नाही.

तिच्या अंत्यविधीला मोजकीच माणसं होती, खुर्च्या दूरदूर मांडलेल्या. सांगलीहून सासूबाई मोबाइलवर बघत होत्या. शेवटच्या रांगेत, ती आधी काम करायची त्या तुरुंगातला एक धिप्पाड पहारेकरी येऊन बसला होता. रजा काढून, दीड तास गाडी चालवून आला होता म्हणे. आणि मग माझी मुलगी रेवा उठली. रेवा सतरा वर्षांची. इथेच जन्मलेली. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये किंवा इंग्रजीत उत्तर देते. माझं काही चुकलं असेल, असं समजून तिला मराठी बोलायला लावायचा प्रयत्न मी कधीच सोडला होता. त्या दिवशी तिने खिशातून कागद काढला आणि पानभर मराठी वाचलं. स्वतःच्या हाताने देवनागरीत लिहिलेलं. आत्याने दर बुधवारी दुपारी, शाळा लवकर सुटते तेव्हा, शिकवलं होतं. सगळे रडत होते. मीही रडले, पण माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते : हे मला कुणीच कसं सांगितलं नाही, आणि ही मेल्यावरसुद्धा माझं पोर घेऊन चाललीय.

शुभदा इथे आली ती लग्न होऊन, डेल्फ्टला. दोन वर्षांत ते लग्न मोडलं आणि ती दोन बॅगा घेऊन आमच्या माळ्यावरच्या खोलीत राहायला आली. परत जायला तयार नव्हती. मिरजेला ती मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्स होती; इथे त्या पदवीला मान्यता मिळवायची तर आधी भाषा हवी. तिने काय करावं? एका वृद्धनिवासात जेवण वाढायचं काम धरलं आणि त्या म्हाताऱ्यांकडून डच शिकली. व्याकरण कच्चं, पण बोलणं असं की शेजारच्या आजीबाई तिच्याशी कुंपणावरून तासभर गप्पा मारायच्या. मी तेव्हा या देशात आठ वर्षं काढलेली, संख्याशास्त्रातली पदवी असलेली, आणि माझं डच बेकरीतला पाव मागण्यापुरतं. आजीबाई मला बघून हात हलवायच्या आणि विचारायच्या, शुभा कुठाय? घरात तेच. मिलिंद ऑफिसातून आला की आधी वर हाक मारायचा. सासूबाईंचा फोन आला की माझी चौकशी दोन वाक्यांत आटपायची आणि मग, दे गं तिला. ती मला कधी वाकडं बोलली असती तर बरं झालं असतं. "वहिनी, तू बस, मी करते," एवढंच म्हणायची. त्याचाही राग यायचा.

तिला तुरुंगाचं काम मीच मिळवून दिलं. लायडनमधल्या एका संशोधन गटात मी माहिती गोळा करण्याचं, ती तपासून मांडण्याचं काम करते. आमचा प्रकल्प होता नव्याने आलेल्या कैद्यांमधली गंभीर मानसिक आजाराची सुरुवातीची चिन्हं ओळखण्याचा. असा आजार सहसा एका दिवसात उभा राहत नाही. आधी झोप जाते, संशय वाढतो, बोलण्याचे धागे सुटायला लागतात. त्या टप्प्यावर कुणाच्या लक्षात आलं तर माणूस बराच वाचवता येतो. तुरुंगात ते लक्षात येणं कठीण, कारण तिथे झोप कुणालाच नसते आणि संशय सगळ्यांनाच असतो. म्हणून प्रत्येक नव्या कैद्याला पहिल्या आठवड्यात एका फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे, उत्तरांना गुण द्यायचे, आणि ठरावीक गुणांच्या वर जो जाईल त्याचं नाव सोमवारच्या यादीतून तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं. गुणांचं गणित माझं, यादी माझी. प्रश्न विचारायला डच बोलणारी नर्स हवी होती. तोवर शुभदाच्या पदवीला मान्यता मिळाली होती आणि ती लायडनला वेगळी राहायला लागली होती; मी तिचं नाव सुचवलं. दिसायला मोठं मन होतं. आत असं होतं की इथे तरी ती माझ्या हाताखाली असेल.

एकदा मी तिच्याबरोबर गेले होते, फॉर्म कसा चालतो ते बघायला. लहान खोली, लोखंडी टेबल, दाराबाहेर तोच धिप्पाड पहारेकरी. समोर मानेवर गोंदवलेला एक माणूस, हाताची घडी घालून. शुभदाने सगळे प्रश्न विचारले, त्याने सगळ्यांना नाही म्हटलं. मग तिने फॉर्म उलटा ठेवला आणि विचारलं, घरी असताना तुम्ही अंडं कसं करता? तो बघतच राहिला. मग घडी सुटली. लोणी किती तापवायचं, कांदा आधी की नंतर, त्याची आई कशी चुकीचं करायची... दहा मिनिटं बोलला आणि जाताना तिच्याशी हात मिळवून गेला. हे तिला मिरजेच्या जुन्या मेट्रनबाईंनी शिकवलं होतं. त्या नव्या रुग्णाला विचारायच्या, तुमच्या घरी भात कसा करतात. रोज हाताने केलेली गोष्ट माणूस क्रमाने सांगतो. मन सैल व्हायला लागलं असेल किंवा माणूस काही दाबून बसला असेल, तर कुठेतरी एखादी पायरी सुटते, किंवा नसलेली पायरी येते. मग ती म्हणायची, पुन्हा सांगा, घाई नाही. मी परतताना गाडीत म्हणाले, ही काही चाचणी नव्हे. ती हसली. "नाहीच मुळी. कुणाजवळ अजून जरा बसायला हवं, तेवढं कळतं मला." जे कळायचं ते ती फॉर्मच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहायची. कैद्यांनी तिला 'अंड्याच्या बाई' असं नाव पाडलं होतं.

आमच्या बैठका मग बदलल्या. मी तक्ते दाखवायचे, आणि आमच्या प्रमुख हानेके शेवटी विचारायच्या, पाठीमागे काय लिहिलंय? त्या शुभदाचं पेन्सिलीचं अक्षर मोठ्याने वाचायच्या आणि सगळे माना पुढे करून ऐकायचे. माझ्या तक्त्यांकडे कुणी कधी असं बघितलं नव्हतं. मला कैद्यांचाही हेवा वाटायचा, हे आज लिहिताना लाज वाटते. मला कुणीच विचारलं नव्हतं, तू अंडं कसं करतेस म्हणून.

मग साथ आली. कागद हातोहात फिरवणं बंद झालं. नव्या कैद्याला आल्या आल्या एकट्याने कोठडीत विलगीकरणात ठेवायचं, आणि शुभदाने मास्क लावून, काचेपलीकडून, टॅब्लेटवर उत्तरं भरायची असं ठरलं. टॅब्लेटवरचा फॉर्म मी बनवणार होते. तिने मला एकच गोष्ट मागितली. "वहिनी, शेवटी एक रिकामी चौकट ठेव. पाठीमागची बाजू आता नाही ना." मी हानेकेंना विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, ठेव की, अवश्य ठेव. ते काम पाच मिनिटांचं होतं. मी शुभदाला सांगितलं की हानेके नको म्हणतात, मोकळं लिखाण मोजता येत नाही. आणि हानेकेंना कळवलं की शुभदाने विचार बदलला, तिला चौकट नको आहे. दोन वाक्यं. दोघी एकमेकींना भेटणार नव्हत्या, सगळे आपापल्या घरात बसलेले. साथीने मला ती सोय करून दिली होती. त्यानंतरच्या बैठकांमध्ये फक्त तक्ते असत.

त्या शरद ऋतूत योनास आला. हे त्याचं खरं नाव नाही. तिशीतला, लाद्या बसवणारा कारागीर. त्याने सगळ्या प्रश्नांना नाही म्हटलं, गुण शून्य. शुक्रवारी संध्याकाळी शुभदाचा मला फोन आला. म्हणाली, "अगं, आपल्यावर नजर ठेवली जातेय असं वाटतं का, यालाही तो नाही म्हणाला. डोक्यावर कॅमेरा आहे, वहिनी. तिथे सगळे हो म्हणतात आणि हसतात. हा एकटाच नाही म्हणाला." मग तिने अंड्याचं विचारलं होतं. त्याने सांगितलं : पाणी ठेवायचं, आणि पाण्याने परवानगी दिली की अंडं सोडायचं. पुन्हा सांग म्हटल्यावर गप्प बसला. यादीत हाताने नाव घालता येत असे, कारण लिहून. ते मीच करू शकत होते. तिने तेच मागितलं. मी म्हणाले, एकासाठी केलं की यादीला अर्थ राहत नाही, नियम तो नियम.  ती म्हणाली, बरं, मी तिथल्या कुणाला तरी सांगून बघते. तिने निरोप ठेवलाही. पण त्या आठवड्यात अर्धे कर्मचारी आजारी होते आणि तो निरोप कुठेतरी पडून राहिला.

विलगीकरणात जेवणाची ताटं दाराशी ठेवायचे आणि तिथूनच परत न्यायचे. ताट भरलेलं परत येणं नवीन नव्हतं. योनास पाणीही पीत नव्हता, हे कळेपर्यंत तो कोसळला होता. पाण्याने परवानगी दिली नव्हती. तो जगला. पण मूत्रपिंडं गेली ती गेलीच, आणि आजार तोवर पुरता उभा राहिला होता. आज तो एका उपचारकेंद्रात आहे. त्याच्याबद्दल याहून जास्त जाणून घेण्याचा मला हक्क नाही.

चौकशी झाली, तीही पडद्यावर. दोन अधिकारी, हानेके, शुभदा आणि मी. मी माझा कॅमेरा बंद ठेवला होता. शुभदाला विचारलं, तुमच्या लक्षात आलं होतं तर नोंद का नाही? ती म्हणाली, लिहायला जागा नव्हती. तेव्हा हानेके गोंधळून म्हणाल्या, "पण चौकट नको असं तूच कळवलं होतंस ना?"

त्या क्षणी शुभदाला सगळं कळलं. मी पडद्यावर तिचा चेहरा बघत होते. तिने थोडं खाली बघितलं... माझं नाव लिहिलेला काळा चौकोन तिच्या पडद्यावर असणारच. मग ती म्हणाली, "हो. माझी चूक झाली." अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. माझा आवाज बंद होता. तो चालू करायला एक बोट पुरलं असतं.

तिला त्या कामावरून काढलं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. आठ-दहा दिवस फोन आला नाही, एवढंच. दिवाळीत कुणी कुणाकडे जात नव्हतं. ती लायडनहून सायकल मारत आली, दाराशी चकल्यांचा डबा ठेवला, घंटी वाजवली आणि फाटकापाशी लांब उभी राहिली. रेवा आतून काहीतरी ओरडली, तिने हसून उत्तर दिलं. मी खिडकीतून हात केला. तिनेही केला. मला तेव्हाही वाटलं, हिला एवढं मोठं होता येतं आणि मला येत नाही. मला तिची क्षमासुद्धा बघवली नाही.

पुन्हा ती एका वृद्धनिवासात लागली, जिथून सुरुवात केली होती तसल्याच. जानेवारीत तिथे संसर्ग शिरला. लस यायला लागली होती, तिची पाळी पुढच्या आठवड्यात होती. तुरुंगातच असती तर वाचली असती का, हा हिशोब मी रोज मांडते. संख्याशास्त्राने त्याचं उत्तर मिळत नाही, हे मला चांगलं माहीत आहे.

मी मिलिंदला सांगितलं ते पहिला लेख टाकून दिल्यावर. तो कपबशा पुसत होता. चौकट, दोन वाक्यं, शुक्रवारचा फोन, ते 'हो'... सगळं क्रमाने सांगितलं. त्याने हातातली बशी जागेवर ठेवली, फडकं घडी करून टांगलं आणि सायकल काढून निघून गेला. दोन तासांनी आला तेव्हा चेहरा वाऱ्याने लाल झाला होता. "तिच्या नावावर चूक लिहिलीय ती तशीच आहे?" एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. म्हणाला, "आधी ती पूस. मग लिही, आणि छापायला दे." त्यानंतर तीन आठवडे तो ताट घेऊन वर जाऊन जेवत होता.

मी हानेकेंना लेखी कळवलं. चौकशीच्या कागदांत दुरुस्ती झाली आहे, शुभदाचं नाव आता तिथे चुकीपुढे नाही. माझ्या नोकरीचं काय ते अजून ठरायचं आहे. ठरेल ते मान्य आहे. दरम्यान मी फॉर्मला चौकट जोडली. खरंच पाच मिनिटं लागली. रेवाला हा लेख मी स्वतः वाचायला दिला. ओळीखाली बोट धरून, सावकाश, तिने तो संपवला.  एका जोडाक्षराखाली पेन्सिलीने रेघ मारून, ते सुधारून, कागद परत दिला. पेन्सिल आत्याची होती, बोटभर उरलेली. अजून ती तिच्याचजवळ आहे, आणि मी मागितलेली नाही.

काल संध्याकाळी आमटी करायला उभी राहिले. साखरेच्या डब्याला टेकवायला आता कुणाचा फोन नव्हता, तरी मी त्याच्याकडे तोंड करून उभी होते. शुभदा, पुन्हा सांगते. डाळ धुतली, शिजवली, घोटली. फोडणी केली. चौकट ठेवता येत होती, मी ठेवली नाही. मसाला घातला, आमसुलं घातली. त्याचं नाव यादीत घालता येत होतं, मी घातलं नाही. तू हो म्हणालीस तेव्हा मला बोलता येत होतं... उकळी आली. मग गूळ घातला, ढवळला, आणि मिलिंदला जेवायला खाली हाक मारली.